जिभेला कायदा नको काय?

हातातील तलवारीला पदोपदी नियम हवेत, परंतु मुखातील वाणीला एकही नको, असा एक सिद्धान्त एका खेळाच्या निमित्ताने गेली काही वर्षे मोठ्या हिरिरीने मांडला जात आहे. तो मांडणारी मंडळी बहुश्रुत आहेत, खेळावर त्यांचे मनापासून प्रेम आहे आणि त्यांच्या म्हणण्यात सकृद्दर्शनी बराच तथ्यांशही दिसतो. म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या पोटी जन्मलेला त्याचा मोठा गोतावळा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नेसन यांच्या सहकार्याने रचलेला हा खेळ १९७४ च्या जानेवारीत तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. ज्या वाचकांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-सहा जण मेजाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जेथे फळ संशयित असते तेथे फासे टाकले जातात. राजा, पुजारी, खाणावळवाला, गुहेतला राक्षस ही उरलेली सारी सृष्टी एकट्या सूत्रधाराच्या मुखातून बोलते. यास आम्ही भूमिकाखेळ म्हणू. या खेळाचे मूळ लष्करी पटखेळात आहे. गायगॅक्स व जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा खेळ १९७१ साली आला होता, आणि त्याच्याच खांद्यावर हे पोर उभे राहिले. त्यामुळे घाव, ढाल, चिलखत, बाणाचा पल्ला यांचे नियम त्यात पहिल्यापासून विपुल. बोलण्याचे नियम मात्र मूठभर. प्रश्न असा की, ही उणीव समजायची की शहाणपण?

प्रतिपक्ष म्हणतो, शहाणपण. त्याचा युक्तिवाद त्याच्याच तोंडून ऐकला पाहिजे, कारण तो चांगला आहे. दिवाणखान्यात बसून कोणी खरी तलवार चालवू शकत नाही. म्हणून तिच्या जागी फासे आले. बोलणे मात्र दिवाणखान्यात बसूनच करता येते. मग जे साक्षात् करता येते त्याची प्रतिमा कशाला? राजाला पटवायचे असेल तर उठा, राजाशी बोला. सूत्रधार राजा होऊन उत्तर देईल. त्यातच मौज आहे, त्यातच अभिनय आहे, आणि फासे मध्ये आले की दोन्ही मरतात. २०१५ पासून व्यावसायिक आवाज-कलावंतांची एक अमेरिकन मंडळी आपल्या खेळाच्या बैठका जगभर दाखवू लागली, आणि तेव्हापासून तर या मताला जणू दिग्विजय प्राप्त झाला आहे. ज्याने त्याने त्या कसलेल्या नटांकडे पाहावे आणि ‘खेळ असा खेळतात’ असे म्हणावे!

आता यावर आमचा पहिला आक्षेप अगदी साधा आहे. ज्या खेळाडूचे पात्र पर्वतप्राय मल्ल आहे त्याला कोणी सूत्रधार कोपऱ्यातला पाटा-वरवंटा उचलून दाखवायला सांगत नाही. ज्याचे पात्र कुलपे उघडणारा चोर आहे त्याच्यापुढे कोणी तिजोरी ठेवत नाही. मग ज्याचे पात्र वाक्पटू राजदूत आहे, त्याच्याच खऱ्या जिभेची परीक्षा का? मुखदुर्बळ मनुष्याला बलदंड होण्याचे स्वप्न मोकळे. वक्ता होण्याचे मात्र बंद. आणि हा खेळ तर ज्याला जे होता येत नाही ते घटकाभर होऊ देण्यासाठीच निर्माण झाला आहे.

आपल्याकडे हा अन्याय दुप्पट होतो. मडगाव असो, बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, जेथे कोठे आपली मुले हा खेळ खेळतात तेथे तो बहुधा इंग्रजीतून चालतो. पुस्तके इंग्रजी, पात्रे इंग्रजी, राजाही इंग्रजीच बोलतो. अशा बैठकीत ‘बोलूनच दाखवा’ या नियमाचा खरा अर्थ ‘इंग्रजी बोलूनच दाखवा’ असा होतो. ज्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले तो राजाला जिंकतो; ज्याच्या मनात त्याहून बिनतोड मुद्दा आहे, पण जो तो आधी मराठीत किंवा कोंकणीत जुळवून मग परभाषेत उतरवतो, तो अडखळतो आणि गप्प बसतो. पुढच्या वेळी तो लढवय्याचे पात्र घेतो. ‘मला नुसते मारामारीचे काम द्या,’ म्हणतो. लोक समजतात त्याला मारामारी आवडते.

दुसरा आक्षेप आमच्या धंद्यातून आलेला आहे. आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश असू नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व. ‘नुसते बोला’ या पंथात सूत्रधार राजाही असतो आणि राजाला पटले की नाही हे ठरवणारा पंचही तोच असतो. तलवारीच्या बाबतीत त्याला ही मुभा नाही. राक्षसाच्या अंगी किती जीव आहे ते लिहिलेले असते, आणि त्याला कितीही वाईट वाटले तरी तेवढे घाव बसताच राक्षस मरतो. राजाच्या मनाला मात्र असा आकडा नाही, मर्यादा नाही. मग निकाल कशावर लागतो? सूत्रधाराला कोण आवडतो, कोणाच्या विनोदाला तो हसतो, रात्रीचे किती वाजले, यांवर. सूत्रधार दुष्ट असतो असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सज्जनांच्या हाती असलेली अनियंत्रित सत्ताही अनियंत्रितच असते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

परंतु हे दोन्ही आक्षेप मान्य झाले तरी ते न्यायाचे आक्षेप आहेत, आणि प्रतिपक्ष म्हणेल, आम्ही खेळाबद्दल बोलतो, तुम्ही कोर्ट कसले भरवता! म्हणून आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तो रसाचा आहे.

अद्भुतकथा हा एक साहित्यप्रकार आहे आणि त्याच्यातही जाती आहेत. राउंड टेबलवरच्या शूरांची कथा वेगळी, जे. आर. आर. टोल्किन यांची कथा वेगळी, जॅक व्हान्स यांची त्याहून वेगळी. या जाती ओळखायच्या कशावरून? चित्रांवरून म्हणाल तर किल्ला, अरण्य, तलवार, म्हातारा जादूगार हे सर्वत्र सारखेच. आमचे मत असे की, त्या त्या जगात माणसे परस्परांशी कशी वागतात, कोणता शब्द कोणाला बांधतो आणि बांधलेला शब्द मोडला तर काय होते, यावरून कथेची जात कळते. पोशाख वरवरचा, व्यवहार आतला.

टोल्किन यांचेच पाहा. ‘द हॉबिट’ हे त्यांचे पुस्तक १९३७ सालचे. त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग कोणता? काळोख्या विवरात बिल्बो आणि गॉलम हे दोघे समोरासमोर येतात, एकाच्या हाती लहानशी तलवार आहे, दुसऱ्याच्या पोटात भूक आहे, आणि ते लढत नाहीत. ते एकमेकांना कूटप्रश्न घालतात. १९५१ च्या सुधारित आवृत्तीप्रमाणे पण असा की, गॉलम हरला तर त्याने बाहेरची वाट दाखवावी, बिल्बो हरला तर गॉलमने त्याला खावे. ही कोड्यांची झुंज अतिप्राचीन व पवित्र मानलेली आहे, तीत लबाडी करायला दुष्टही कचरतात, असे लेखक बजावतो. शेवटी बिल्बो विचारतो, माझ्या खिशात काय आहे? आता हे कोडे आहे की नुसता प्रश्न? कोणताही वकील येथे कान टवकारील. टोल्किन यांनाही ही अडचण जाणवली होती. १९५४ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग आला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या मुद्द्याचा जवळजवळ निवाडाच देऊन टाकला. जाणकारांत मतभेद आहे खरा; पण गॉलमने तो प्रश्न स्वीकारला आणि उत्तर देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो आपल्या वचनाने बांधला गेला, यावर सर्वांचे एकमत आहे. म्हणजे हरकत वेळेवर घेतली नाही, तर ती सोडून दिली असे धरावे! गॉलम पुढे वचन मोडायला निघतोच. परंतु त्या जगात ते मोडणे महापातक ठरते, हुशारी ठरत नाही. टोल्किन यांच्या जगाची चव या प्रसंगात जेवढी आहे तेवढी त्यांच्या सगळ्या लढायांत मिळून नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने टोल्किन यांच्याकडून बुटके घेतले, एल्फ घेतले, हॉबिटसुद्धा घेतले, पुढे हक्काचा वाद निघाला तेव्हा हॉबिटाचे ‘हाफलिंग’ असे नवे बारसे करावे लागले. विवरातला तो पण मात्र घेतला नाही. आज या खेळात बिल्बो आणि गॉलम भेटले तर आधी कोणाचा हात चालेल याचा फासा पडेल.

व्हान्स यांच्या बाबतीत तर हा प्रकार अधिक डोळ्यांत भरतो. ‘द डाइंग अर्थ’ हे त्यांचे पुस्तक १९५० साली आले. मांत्रिकाने मोजकेच मंत्र घोकून डोक्यात साठवायचे आणि एकदा उच्चारला की तो मंत्र स्मृतीतून पुसला जायचा, ही खेळातली सुप्रसिद्ध तरतूद त्याच पुस्तकातून आलेली. गायगॅक्स यांनी हे ऋण लपवले नाही. १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात प्रेरणादायी वाचनाची जी यादी आहे तीत व्हान्स मानाने विराजमान आहेत. पण व्हान्स यांचा वाचक मंत्रांसाठी त्यांच्याकडे जात नाही. तो जातो भामट्या क्यूगलसाठी. सूर्य विझत आलेल्या त्या पृथ्वीवर प्रत्येक जण प्रत्येकाला फसवतो, आणि फसवताना अशी घरंदाज, नखरेल, कायदेशीर भाषा वापरतो की लुबाडला गेलेला मनुष्यही आभार मानून जावा. मंत्राचे यंत्र घेतले आणि ही वाणी टाकली! उसाची चिपाडे नेली, रस घाण्यावरच राहिला.

मूळ पुस्तिकांना मात्र न्याय दिला पाहिजे. १९७४ च्या खेळात अनोळखी प्राणी समोर आला की त्याचा कल ठरवण्यासाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकण्याची सोय होती. बेरीज दोन ते पाच आली तर कल प्रतिकूल, सहा ते आठ आली तर अनिश्चित, नऊ ते बारा आली तर अनुकूल. गणित करून पाहावे. छत्तीस शक्यतांपैकी प्रतिकूल दहाच. सोळा अनिश्चित, दहा अनुकूल. म्हणजे भेटलेला प्राणी सव्वीस वेळा तरी लगेच अंगावर येत नसे. शिवाय खजिना हाती लागला तरी अनुभवाचे गुण मिळत. रक्त सांडलेच पाहिजे असे नव्हते. ‘करिझ्मा’ म्हणजे व्यक्तिप्रभाव, या गुणावर किती भाडोत्री सोबती जवळ राहतील हे ठरे. तो तीन असेल तर एक, अठरा असेल तर बारा. नियम ओबडधोबड खरे, पण त्यांत एक जग दिसत होते. अंधारात भेटलेला प्राणी काय करील याची खात्री नाही, सोबत्यांची निष्ठा विकत घेता येते पण कायमची नाही, असे ते संशयी, सरहद्दीवरचे जग होते. ‘जुना खेळ म्हणजे नुसती कापाकापी’ असे म्हणणाऱ्यांनी त्या पुस्तिका उघडलेल्या दिसत नाहीत.

आता दुसऱ्या पक्षाची हजेरी घेतो, कारण आमच्या आजवरच्या बोलण्याने तो खूश झाला असेल. हा पक्ष म्हणतो, ठीक आहे, नियम हवा ना? मग एक फासा टाका आणि मोकळे व्हा. २००३ च्या आवृत्तीत याचा कळस झाला. तीत ‘डिप्लोमसी’ नावाचे कौशल्य आहे. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा. बेरीज पस्तीस झाली की जो वैरी होता तो मित्र होतो, पन्नास झाली की तो मदतीला धावतो. वेळ लागतो साधारण एक मिनिट. काय बोललात, कोणाशी, कोणत्या जुन्या वैरावर फुंकर घातलीत, याची चौकशी नाही. आणि हा नियम फक्त सूत्रधाराच्या पात्रांना लागू. खेळाडूंची पात्रे त्यातून मुक्त. सारे जग पटवले जाऊ शकते, फक्त आपण नाही! पुढच्या आवृत्त्यांनी ही अतिशयोक्ती कमी केली. २०१४ मध्ये तर लढाई व शोधयात्रा यांच्या जोडीला सामाजिक व्यवहार हा खेळाचा तिसरा खांब आहे असे जाहीर झाले. पण खांब रंगवून उभा केला, त्यावर छप्पर फारसे ठेवले नाही. २०२४ च्या सुधारणेत कोण आपसूक ऐकेल आणि कोण मुळीच ऐकणार नाही हे सूत्रधाराने आधी ठरवायचे असते. जो काचकूच करीत असेल त्याच्यासाठी इयत्ता अशी की, पंधरा किंवा त्या प्राण्याच्या बुद्धीचा आकडा, यांतला जो मोठा तो गाठावा. हुकले तर तीच विनंती पुन्हा करण्यास सामान्यतः चोवीस तास थांबावे. फेटाळलेला अर्ज दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखल करण्याची ही सोय पाहून आमच्या काही पक्षकारांना मत्सर वाटेल! परंतु पंधरापर्यंत बुद्धी असलेले सारे एका मापाचे, मग तो गावगुंड असो, संन्यासी असो की सूड घ्यायला निघालेली विधवा असो. अशा नियमात जग कोठे आहे?

आमच्या वाचकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. द्यूतसभेत द्रौपदी विचारते की, जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून? प्रश्न बिनतोड आहे. आणि तरी सभा गप्प बसते. भीष्मासारखा धर्मज्ञही धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून निर्णय देत नाही. येथे ‘मनधरणी’चा फासा टाका. वीस आले, सभा पटली, द्रौपदी मुक्त झाली, महाभारत संपले. तीन आले, तर द्रौपदीला नीट बोलता आले नाही असा अर्थ झाला, आणि तो तर महापातकी अर्थ आहे. ती उत्तम बोलली. उत्तम बोलूनही काही झाले नाही, यातच त्या कथेचे सारे दाहक सत्य आहे.

तेव्हा नियम हवा, पण तो त्या कथेच्या पोटातून काढलेला हवा. जसा कायदा रूढीतून येतो तसा. हे शक्य आहे काय, असे विचाराल, तर ते करून दाखवलेले आहे, आणि तेही अमेरिकेतच. ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘पेंड्रॅगन’ हा खेळ १९८५ साली निघाला. त्याचा आधार आर्थर राजाच्या कथा, मुख्यतः कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेला मॅलरीचा ग्रंथ. या खेळात प्रत्येक शूराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या मांडलेल्या असतात. क्षमाशील व सूडबुद्धी, उदार व स्वार्थी, विनम्र व गर्विष्ठ, दयाळू व क्रूर, असे. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एक वाढला की दुसरा घटतो. कसोटीचा प्रसंग आला की त्या गुणावर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि शूराने काय केले ते पुष्कळदा त्या फाशाने ठरायचे. ख्रिस्ती शूराला नम्रता भूषण, तर जुन्या पेगन धर्माच्या शूराला अभिमान भूषण. याशिवाय धन्याची निष्ठा, कुटुंबाचे प्रेम, आतिथ्य, वैर अशा उत्कट भावनांनाही आकडे आहेत. त्यांच्या बळावर मनुष्य अमानुष पराक्रम करतो, पण त्यांचा डाव उलटला तर विषण्ण होतो, प्रसंगी वेडा होऊन रानात पळतो. लॅन्सेलॉटचे तेच झाले होते.

यावर ओरड अशी की, माझे पात्र क्रूर व्हायचे की नाही हे फासा कोण ठरवणार? माझे स्वातंत्र्य कोठे गेले? आम्ही उलट विचारतो की, हे स्वातंत्र्य शाबूत ठेवून तुम्ही कोणती थोर कथा खेळून दाखवाल? सूर्याने स्वप्नात येऊन सावध केलेले असताना कोणता खेळाडू ब्राह्मणवेषातल्या इंद्राला आपली कवचकुंडले कापून देईल? चिलखत तर तो झोपतानाही काढत नाही! एकदा सर्वस्व हरून, ते धृतराष्ट्राकडून परत मिळाल्यावर, कोणता खेळाडू आपल्या युधिष्ठिराला अनुद्यूतासाठी पुन्हा सभेत आणून बसवील? एकही नाही. प्रत्येक जण शहाणा, सावध, हिशेबी; म्हणजे एकविसाव्या शतकातला सुशिक्षित ग्राहक. त्याच्या अंगावर कर्णाचा पोशाख चढवला म्हणून तो कर्ण होत नाही. ‘पेंड्रॅगन’च्या कागदावर कर्णाच्या औदार्यापुढे एकोणीस लिहिलेले असते, आणि याचक दारात उभा राहिला की खेळाडूचा हात थरथरत फाशाकडे जातो. ही थरथर म्हणजेच रस. ‘नुसते बोला’ पंथाच्या बैठकीत ती कधीच यायची नाही.

व्हान्स यांनाही अखेर न्याय मिळाला. २००१ मध्ये लंडनच्या पेल्ग्रेन प्रेसने ‘द डाइंग अर्थ’ याच नावाचा भूमिकाखेळ काढला. रॉबिन लॉज हे त्याच्या रचनाकारांपैकी प्रमुख. त्यात पटवण्याच्या सहा शैली आहेत. ओघवती, अलंकृत, धूसर, सरळ, मोहक व धाकदपटशाची. झिडकारण्याच्याही सहाच आहेत, आणि त्यांपैकी एक चक्क ‘वकिली’ आहे. तेव्हा आमच्या व्यवसायाचा यथोचित गौरव झाला म्हणायचा. कोणत्या शैलीपुढे कोणती झिडकार टिकते याची रचना आहे, आणि हे अस्त्र खेळाडूंच्या पात्रांवरही चालते. त्यांनाही भुरळ पडते, तेही मूर्ख सौदे करून बसतात. मोहांची जी यादी दिली आहे तीत लोभ, आळस, खादाडपणा यांच्या पंक्तीला क्षुल्लक मुद्द्यावर शब्दच्छल करीत बसण्याची खोड बसवली आहे. (आमच्या बार रूममध्ये हा खेळ कोणी आणू नये.) खेळाडूंना आरंभी काही डौलदार वाक्ये लिहून दिली जातात, आणि योग्य क्षणी ते वाक्य बोलून हशा मिळवला तर पात्राची उन्नती होते. ही युक्ती पाहा. अडखळणाऱ्या खेळाडूच्या हातीही चांगले वाक्य आधीच दिले आहे. त्याने फक्त क्षण निवडायचा. न्याय आणि रस येथे एकाच तरतुदीने साधले.

ल्यूक क्रेन यांच्या ‘बर्निंग व्हील’ची, ज्याची पहिली आवृत्ती २००२ ची, वादविवादाची पद्धतही एका वाक्यात सांगून टाकण्याजोगी नाही, पण तिचा गाभा कोर्टातला माणूस लगेच ओळखील. आधी दोन्ही पक्षांनी आपण काय मागतो ते स्पष्ट सांगायचे, म्हणजे वादमुद्दे निघाले. मग प्रत्येकाने आपल्या पुढच्या चाली गुप्तपणे लिहून ठेवायच्या. आणि जिंकणाऱ्याचा युक्तिवादही झटापटीत झिजला असेल, तर त्याला हरलेल्यास काहीतरी द्यावे लागते. तडजोडीचा हुकूमनामा होतो. एका फाशाच्या ‘हो’ किंवा ‘नाही’पेक्षा मनुष्यव्यवहार पुष्कळदा असाच असतो.

नियमाने बोलण्यातील उत्स्फूर्तता मरते, हा आक्षेप आम्ही मुद्दाम शेवटी घेतला, कारण त्याला उत्तर द्यायला अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर समोरासमोर उभे राहतात. भेदिकातला सवाल आला की जबाब कवनातच द्यावा लागतो, विषय सोडता येत नाही, आणि रात्रभर श्रोते हलत नाहीत. बंधन काढून टाका आणि त्याच दोघांना ‘नुसते बोला’ म्हणा. पाऊण तासात भांडण होईल किंवा चहा मागवला जाईल. आमच्या न्यायालयातही तेच. सरतपासात सूचक प्रश्न विचारू नयेत, ही १८७२ च्या पुरावा कायद्यातली मर्यादा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तिच्यामुळे वकील मुका झाल्याचे कोणी पाहिलेले नाही; उलट तिच्यामुळेच त्याला प्रश्न विचारायला शिकावे लागते.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती या मासिकाच्या वाचकांना विशेष जवळची आहे. आजच्या इंग्रजीत समोरच्याला एकच सर्वनाम. राजाही ‘यू’, गुलामही ‘यू’, ड्रॅगनही ‘यू’. मॅलरीच्या इंग्रजीत तसे नव्हते; तेथे एकवचन-बहुवचनाचा भेद मानापमानासाठी वापरता येई. तो भेद इंग्रजीने गमावला, आपण नाही. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहेत. कोंकणीत ‘तूं’ आणि ‘तुमी’ आहेत. आईला ‘तू’, विठोबाला ‘तू’, पण सासऱ्याला ‘तू’ म्हणून पाहा! भर दरबारात सरदाराने राजाला एकदा ‘तू’ म्हटले, की तलवारी उपसल्या जायला आणखी कारण लागत नाही. म्हणजे जो नियम इंग्रजी पुस्तकांना आकडे मांडून घडवावा लागतो, त्याचा निम्मा भाग आपल्या व्याकरणातच तयार आहे. आणि आपली मुले तो बाजूला ठेवून ‘यू’मध्ये खेळतात.

म्हणून जी मंडळी आपल्या भाषेत अशी बैठक मांडू पाहत असतील त्यांना आमची सूचना आहे. पात्रांच्या कागदावर तलवारीच्या धारेचा आकडा लिहिण्यापूर्वी कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो ते लिहा. ते संबोधन मोडणे ही खेळातली चाल समजा, आणि तिचे फळ दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असू द्या. दिलेले वचन त्याच कागदावर नोंदवा, आणि ते मोडणाऱ्याच्या कोणत्या गुणाचा आकडा घटेल हेही तेथेच लिहा. सूत्रधाराच्या राजाला जे लागू ते खेळाडूच्या शूरालाही लागू असावे. अडखळणाऱ्याने मुद्दा सांगावा, वाक्य दुसऱ्याने सजवले तरी चालावे. मोल मुद्द्याचे व्हावे. आणि पहिल्याच गुहेत ड्रॅगन भेटला तर फासे उचलण्याआधी एवढे तरी ठरलेले असावे की, त्याला कोंकणीत ‘तूं’ म्हणायचे आहे की ‘तुमी’.